पडद्यामागचा सिनेमा

“बायका पडद्याच्या मागं! पुरुष पुढं! पोरं खाली मातीत! चला, आवरा लवकर!”

सिनेमावाल्या दळव्यांनी कर्ण्यातून असं फर्मावलं, तेव्हा आमच्या वेळशी गावातल्या एकाही बाईला त्यात वावगं वाटलं नाही. जत्रेतल्या तंबूत तरी काय वेगळं असायचं? मधे पांढरं कापड, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही. चित्र दोन्हीकडून दिसायचं, आम्हाला फक्त उलटं दिसायचं. पण सरळ बाजूनं सिनेमा जन्मात पाहिलेला नसल्यामुळे आपल्याला उलटं दिसतंय हे तरी कुणाला ठाऊक असणार!

सगळ्या जणी पोती अंथरून बसल्या. माझ्या सासूबाई तेवढ्या बसल्या नाहीत. पदर खोचून त्या तरातरा दळव्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“सायब, मी येणार न्हाई.”

“कुठं येणार नाही, मावशी?”

“नव्या गावाला. परवा गाड्या निघायच्यात, त्यात मी न्हाई. सरकारला सांगा तसं.”

“अहो, मी सिनेमा दाखवणारा माणूस. सरकार मला जीपला धड टायर देत नाही, ते माझं ऐकणार होय?”

“जीप सरकारचीच हाय नव्हं? मग सांगा.” एवढं बोलून त्या वळल्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि पडद्याकडे पाठ केली.

या माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी त्यांची सून अनसूया, तेव्हा सातवा महिना लागलेला. आमच्या ह्यांचं नाव सुभाना. त्या काळात जीव गेला असता तरी मी ते तोंडातून काढलं नसतं. आता ऐंशीच्या घरात आल्यावर मला कोण बोलणार?

धरण खाली बांधून होत आलं होतं. पावसाळा लागला की पाणी चढणार आणि वेळशी बुडणार, हे नक्की झालं होतं. नवीन जागा घाटावर, लांब करंजमाळाला मिळाली होती. ट्रक येणार अशी आवई बरेच दिवस होती, ट्रक काही आले नाहीत. शेवटी गावानं ठरवलं, आपल्या गाड्या आपले बैल, सगळ्यांनी एकदम निघायचं. एकदम अशासाठी की तो घाट एका जोडीच्यानं चढवत नसे. प्रत्येक गाडीला दोन जोड्या जुंपायच्या, गाडी माथ्यावर पोचवायची, मग बैल सोडून खाली आणायचे आणि पुढच्या गाडीला लावायचे. जो मागं राहील त्याची गाडी घाटाखालीच राहणार.

आणि आत्याबाई म्हणत होत्या, मी येणार नाही. का, ते सांगत नव्हत्या. पाटलांनी समजावलं, भटजींनी समजावलं, ह्यांनी तर पाय धरले. एकच उत्तर, “तुमी जावा.” आईला पाण्यात सोडून कुठला मुलगा जाईल? हे मला म्हणाले, “आय न्हाई, तर मी बी न्हाई.” झालं! म्हणजे मी पण नाही. गाव जाणार, शेजारपाजार जाणार, कोंडाई सुईण जाणार, आणि पावसाच्या तोंडावर मी एक अवघडलेली बाई त्या ओसाड गावात बाळंत होणार. त्या वैशाखात भीतीनं माझ्या तोंडाची चव गेली होती.

तिकडे दळव्यांनी पत्र्याचा खोका उघडला आणि कपाळाला हात लावला. नव्या वसाहतीत नळ कसे, शाळा कशी, हे दाखवून आमचं मन वळवणारी सरकारी फिल्म त्यात असायला हवी होती. एसटी स्टँडवर खोक्यांची अदलाबदल झाली होती. आत निघाला कुठला तरी इंग्रजी सिनेमा.

“खोक्यावर चित्र आहे,” दळवी म्हणाले. “गोऱ्या लोकांची बिऱ्हाडं गाड्यांतून नव्या मुलखात चाललीयेत.”

“गाड्या बैलांच्या हायत का?” पुरुषांतून कुणीतरी विचारलं.

“बैलांच्याच दिसतात.”

“मग लावा की! घोडं कुठं अडलंय?”

शाळेच्या गुरुजींना इंग्रजी येत होतं. ते कर्णा घेऊन पुढे उभे राहिले आणि पुरुषांना सगळं समजावून सांगू लागले. कर्ण्याचं तोंड तिकडे आणि जनरेटर आमच्या बाजूला, तोही असा धडधडणारा की शेजारणीचं बोलणंही ऐकू येईना. त्यामुळे पुरुषांनी गुरुजींचा सिनेमा पाहिला आणि आम्ही आमचा.

पडदा उजळला. माळच माळ, त्यावरून कापडी छपराच्या गाड्यांची लांबलचक रांग.

“अगं बया, बैलाला वशिंडच न्हाई! मग जू ऱ्हातंय कशावर?”

“आणि ही सगळी डावरी हायत का काय?” कोंडाई ओरडली. “जेवत्यात बी डाव्या हातानं! शी!”

“मागून बघतोय म्हणून तसं दिसतंय,” मी म्हटलं. मी सातवी झालेली होते.

“तू गप. शिकलेल्या बाईला डोळ्यानं दिसतंय ते खरं वाटत न्हाई.”

सिनेमात एक म्हातारी होती, काळा झगा आणि डोक्याला टोपडं घातलेली. तिचा एक मुलगा होता आणि सून माझ्यासारखीच भरल्या पोटाची. त्या पोरीला गाडीत चढवताना मुलगा धडपडला, तशी म्हातारीनं त्याला एक ठेवून दिली. आमच्या बाजूला हशा पिकला. “बघा हौसाबाई, तुमचीच भैण!” कोंडाई म्हणाली. आत्याबाईंनी मान वळवली नाही.

मग नदी आली. गाड्या पाण्यात शिरल्या, एक कलंडली, पेटी वाहत चालली, बैलांची नुसती नाकं पाण्यावर. सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. त्यासरशी आत्याबाई वळल्या, आणि मग वळलेल्याच राहिल्या. पुढे त्या सुनेच्या पोटात दुखू लागलं. गाडी थांबवली, कापडं धरली, दहा जण पाणी तापवायला धावले. “पाण्याला एवढी माणसं कशाला, मुडद्यांनो?” कोंडाईचा जीव तिळतिळ तुटत होता. “एक जण तरी तिच्यापाशी बसा की!” तेवढ्यात पोर झालं. धडधाकट, मुठी आवळलेलं. मला इतकं हायसं वाटलं की मी कोंडाईचा हात घट्ट धरला. चालत्या वाटेवर, गाडीत, परमुलखातही पोर सुखरूप होऊ शकतं, मग आपलं का नाही होणार? पण त्यासाठी आधी गाडीत बसायला हवं होतं.

त्यानंतर तो प्रसंग आला. वाटेच्या कडेला एका काठीवर बैलाची कवटी टांगलेली. म्हातारी गाडीतून उतरली. कवटीवर काळी अक्षरं होती, तिनं हातात कोळसा घेतला आणि पुसट झालेली अक्षरं पुन्हा गडद केली. मग डोळ्यावर हात धरून आल्या वाटेकडे बघत राहिली.

“काय करतीया गं म्हातारी?” कुणीतरी विचारलं.

“खूण करतीया.” आत्याबाई बोलल्या. सिनेमा सुरू झाल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

“कुनासाठी?”

“मागनं येनाऱ्यासाठी. दुसरं कुनासाठी करंल?”

गाड्या पुढे निघून गेल्या. मग त्याच जागी एक एकटी गाडी आली. एक तरुण पोरगी उतरली, त्या कवटीपाशी गेली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

“लेक हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “त्या म्हातारीची लेक. मागं ऱ्हायलेली.”

आमच्या बाजूला एकीचाही डोळा कोरडा राहिला नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी पडद्यापलीकडून पुरुषांचंही “अरेरे” ऐकू आलं. आज बाप्यांनाही पाझर फुटला म्हणायचा, असं मला वाटलं.

घरी जाताना आत्याबाई सारख्या घाटाकडे बघत होत्या.

सकाळी उठून बघते तर त्या घरात नाहीत. गोठ्यात नाहीत, परड्यात नाहीत. हे गडबडून उठले आणि थेट नदीकडे धावत सुटले. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, माझ्याही मनात तेच आलं होतं. मी मागोमाग निघणार, एवढ्यात अंगणात चुन्याचा थेंब दिसला. मग दुसरा, वाटेवर तिसरा. थेंब नदीकडे जात नव्हते, घाटाकडे जात होते. पोट सावरत, दर झाडाखाली टेकत मी चढ चढले.

घाटाच्या वरच्या अंगाला, जिथून एसटीची सडक जाते आणि आमच्या गावाची पायवाट खाली फुटते, तिथं एक मोठा काळा कातळ आहे. पाणी कितीही चढलं तरी तिथवर येणार नव्हतं. आत्याबाई त्या कातळापुढे चुन्याचं गाडगं आणि कुंचा घेऊन उभ्या होत्या. कातळावर पांढऱ्या रेघोट्यांचा गिचमिड काला झाला होता.

“आलीस? बरं झालं,” त्या म्हणाल्या. “हितं लिव. मला अक्षरं येत न्हाईत.”

“काय लिहू, आत्याबाई?”

“चंद्रा.”

ते नाव मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. लग्न होऊन आले तेव्हा शेजारणीनं कानात सांगितलं होतं, तुला एक नणंद होती, पण तिचं नाव काढू नकोस. एवढंच.

आत्याबाई कातळाला टेकून बसल्या आणि सांगायला लागल्या. चंद्राला तिकडे सासरी मारायचे. एकदा ती सगळं सोडून माहेरी आली. “तिच्या बापानं दारातनं परत धाडली. म्हनाला, दिल्या घरी मर. पोर उंबऱ्याच्या भायेर उभी, आन मी आत भाकरी थापतीया. मी उठलेच न्हाई, अनशे. बाप्याच्या पुढं उठायचं कसं? ती सासरी बी गेली न्हाई आन परत बी आली न्हाई. म्हमईला गेली म्हनत्यात. बाप मेला, त्येचा सांगावा तरी कुठं धाडनार? पर येक ना येक दिस ती येनार. तिला हीच येक वाट ठावं हाय. ती ह्या वाटेनं खाली आली आन खाली नुसतं पानी दिसलं, तर पोरीनं काय समजायचं? आई बी गेली म्हनून?”

मला रडू आवरेना. एवढे दिवस ह्या बाईला मी मनातल्या मनात हट्टी म्हणत होते, चिडत होते, आणि ती आपल्या लेकीची वाट बुडू नये म्हणून अडून बसली होती.

“काल त्या म्हातारीनं दावलं नसतं, तर माज्या ध्यानात बी आलं नसतं,” त्या म्हणाल्या. “खूण करून गेलं की झालं. त्या पोरीला घावली का न्हाई? मग माज्या पोरीला बी घावंल. लिव तू. मंग येते मी उद्या.”

“याल? नक्की?”

“आता काय सोन्यावर लिवून देऊ? येते म्हनलं ना!”

मी कुंचा घेतला. तोवर हे नदीकडून धापा टाकत वर आले, आईला धडधाकट बघून कातळापाशीच बसले आणि ओंजळीत तोंड लपवलं. त्यांच्यामागून बातमी फुटली आणि निम्म्या बायका वर आल्या. काय चाललंय ते कळल्यावर प्रत्येकीला काहीतरी लिहून हवं होतं. एकीचा भाऊ पलटणीत होता. कोंडाई म्हणाली, “अगं, त्या कासारणीला लिव आधी! न्हाईतर नव्या गावात बांगड्या कोन भरनार?”

त्या गलक्यात गुरुजी आले. कातळाकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. “हे काय नवीन?”

“कालच्या शिनेमातलं,” आत्याबाई उत्साहानं म्हणाल्या. “म्हातारीनं लेकीसाठी लिवलं नव्हतं का, तसं.”

“लेकीसाठी?” गुरुजी हसले. “अहो हौसाबाई, भलताच अर्थ काढलात की तुम्ही! तिथं तसं काही नव्हतंच. त्या कवटीवर लिहिलं होतं...”

“गुरुजी!” मी इतक्या मोठ्यानं ओरडले की पोटात बाळ हललं. “जरा इकडं येता? मला एक शब्द अडलाय.”

ते बाजूला आले. मी हळू आवाजात विचारलं, “काय लिहिलं होतं?”

“‘इथलं पाणी विषारी आहे, पिऊ नका,’ असं. आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेलं, म्हातारीनं ते ठळक केलं. त्या पोरीच्या बैलांनी ते पाणी आधीच प्यायलं होतं, म्हणून ती रडत होती. बैल मेले ना बिचारीचे! म्हातारीचा आणि तिचा काडीचा संबंध नाही.”

म्हणजे पुरुषांनी बैलांसाठी हळहळ केली होती. मला त्या वेळी हसावं की रडावं कळेना.

“गुरुजी,” मी म्हटलं, “पाया पडते तुमच्या. हे त्यांना सांगू नका. त्या ह्या खुणेच्या भरवशावर गाडीत बसायला तयार झाल्यात. त्या नाही बसल्या, तर हे नाही बसणार. आणि मग मी खाली कुणाच्या जिवावर बाळंत होऊ?”

गुरुजींनी आयुष्यभर गावातल्या पोरांकडून एकच धडा घोकून घेतला होता, खोटं बोलू नये. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि संकोचून नजर वळवली. मग आत्याबाईंकडे पाहिलं. त्या चुन्यानं माखलेल्या हातांनी त्यांच्या बोलण्याची वाट बघत उभ्या होत्या.

“काय गुरुजी? कायतरी सांगत व्हता?”

गुरुजींनी घसा खाकरला.

“हेच सांगत होतो,” ते म्हणाले, “की त्या म्हातारीची अक्षरं मोठी होती. तुमच्या सुनेनं मुंगीएवढी काढलीयेत. सडकेवरून कुणाला दिसणार? आणा तो कुंचा.”

आणि मग गुरुजींनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, हातभर उंचीची अक्षरं काढली. आत्याबाई सांगत होत्या, ते लिहीत होते. ‘चंद्रा, आम्ही करंजमाळाला गेलो. घर तिथे आहे. ये.’

“‘ये’ म्होटं काढा,” आत्याबाई म्हणाल्या. गुरुजींनी ‘ये’ एवढं मोठं काढलं की कासारणीसाठी जागा कोपऱ्यातच उरली.

ठरल्या दिवशी गाड्या निघाल्या. आत्याबाई पहिल्या गाडीत, मागं तोंड करून बसल्या होत्या. घाटात बैलांची तोंडं फेसाळली, चाकांखाली दगड लावत लावत माणसं दमली, पण सगळ्या गाड्या माथ्यावर पोचल्या. कातळापाशी आत्याबाईंनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून एकदा अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “चला आता.” मी गाडीत इतकी गाढ झोपले की कैक दिवसांत तशी झोपले नव्हते.

माझा थोरला करंजमाळाला पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कोंडाईनं एकटीनं पाणी तापवलं आणि एकटीनंच सगळं निस्तरलं. दिवाळीच्या आधी एक दिवस डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन कासारीण दारात हजर झाली. एसटीच्या कंडक्टरनं तिला कातळावरचं वाचून दाखवलं होतं. आत्याबाईंनी त्या दिवशी कोपरापर्यंत बांगड्या भरून घेतल्या असत्या, पण विधवा बाई, तेव्हा सगळ्या माझ्या हातात घातल्या. “खूण चालतीया,” त्या घरोघर सांगत सुटल्या.

पावसानं चुना धुऊन जायचा. घाटाकडे निघालेल्या कुणालाही आत्याबाई वाटेत गाठायच्या आणि हातात चुन्याची पुडी कोंबायच्या. लोक चेष्टा करायचे, पण अक्षरं पुन्हा काढून यायचे. आमचे हे तर दर दसऱ्याला जायचे. कातळावरची ती ओळ कधी कायमची पुसली गेली नाही, आणि ती वाचून चंद्रा मात्र येईना. कधी कधी मला वाटे, आपण या बाईला विनाकारण आशेला लावलंय. गुरुजी भेटले की त्यांच्याही चेहऱ्यावर तेच असायचं.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला, भर दुपारी, मी अंगणात तीळ निवडत बसले होते. एक बाई कुंपणाशी येऊन थांबली. अंगावर मुंबईची पातळ साडी, कडेवर पोरगी, हातात पिशवी. आत यायचं की नाही, असं तिचं चाललं होतं.

“हौसाबाईंचं घर ह्येच का?” तिनं विचारलं. हनुवटी आत्याबाईंची, डोळे आमच्या ह्यांचे. मला ओळख विचारावी लागली नाही.

“आत्याबाई!” मी हाक मारली. “भाकरी राहू द्या. बाहेर या!”

आत्याबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि खिळून उभ्या राहिल्या. मीच विचारलं, “वन्सं, कातळावरचं वाचलंत?”

“मला कुठं वाचाय येतंय वैनी!” ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. “खाली बघितलं तर समदं पानी. मंग त्या दगडावर येवढी थोराड अक्षरं दिसली. म्हनलं, ही आमची आईच वरडतीया. दुसरं कोन येवढ्यानं वरडनार? मंग एका ट्रकवाल्याला थांबवलं आन वाचून घेतलं.”

आत्याबाई उंबरा ओलांडून पायरीखाली उतरल्या. लेकीला दोन्ही हातांनी धरलं, तिच्या साडीला सगळं पीठ लागलं.

“वरडू न्हाई तर काय करू, बाय?” त्या म्हणाल्या. “केवढी लांब गेली व्हतीस!”